लेकीच्या घरचं पाणी

आमच्या घराण्यात बारसं असो की साठी, जेवणं उरकून सतरंज्या पसरल्या की कोणी ना कोणी म्हणतंच, "काका, ते चीनचं सांगा." मी थोडे आढेवेढे घेतो, कारण त्याशिवाय सांगणाऱ्याला भाव राहत नाही, आणि मग सांगतो. यवतमाळचा एक पोट सुटलेला कारकून सासूला घेऊन चीनला गेला, एवढ्यावरच निम्मी मंडळी हसतात. गोल टेबल आलं की उरलेली हसतात. मी तिथेच थांबतो. पुढचं सतरंजीवर बसून सांगण्यासारखं नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणतो, आमच्याकडे तशीच रीत आहे. मामी पांढरकवड्याच्या. सासरे तिथल्या तहसिलीत होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. घर हैदराबाद रस्त्याला लागून, ट्रक गेला की मांडणीवरच्या कपबश्या वाजणार. मुलगी एकच, आणि ती माझ्या वाट्याला आली. लग्नात सगळे म्हणत होते, "पोरीचं नशीब." कोणत्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.

मामींच्या घरी एक गोष्ट फार कडक होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पहिलं नातवंड मांडीवर आलं की हे बंधन सुटतं. पुष्कळ घरांत असतं हे, आणि पुष्कळ घरांतून गेलंही. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे मामींचं बंधन सुटायचं राहूनच गेलं. त्या यवतमाळला यायच्या त्या डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. ओसरीवर बसायच्या, लेकीला डोळे भरून पाहायच्या, आपली बाटली तोंडाला लावायच्या आणि संध्याकाळच्या बसनं परत. बायको सुरुवातीला भांडली. मग म्हणायला लागली, "आई माझ्या लग्नापासून उपासावरच आहे." पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली, कारण त्या विनोदाचा शेवट नेहमी मूल न होण्यापाशी यायचा.

बायको आजारी पडली तेव्हा मामी शेवटचे काही महिने आमच्याकडेच होत्या. म्हणजे दिवसभर आमच्याकडे. आमच्या स्वयंपाकघरात लेकीसाठी मऊ भात, मुगाचं वरण, सार, सगळं त्या करायच्या, आणि स्वतः जेवायला समोरच्या बिऱ्हाडात जायच्या. करताना चव घेता यायची नाही. मग चमच्यावर थोडं घेऊन मला हाक मारायच्या, "जवाईबापू, मीठ पाहा बरं." मी ऑफिसात असलो की मीठ अंदाजानं पडायचं. कधी कमी, कधी जास्त. बायको काही न बोलता खायची. शेवटी शेवटी तिला चवच कळत नव्हती, पण ते आम्ही मामींना सांगितलं नाही.

ती गेली. मामी तेराव्यापर्यंत समोरच्या घरात राहिल्या आणि पांढरकवड्याला निघून गेल्या.

आता चीन यात कुठून आला. बायकोनं एकदा टीव्हीवर शीआन नावाच्या शहराचा तट पाहिला होता. जुनं शहर, भोवती विटांचा अवाढव्य तट, आणि त्याच्या माथ्यावरून एक म्हातारं जोडपं सायकल चालवत चाललेलं. ती म्हणाली, आपल्याला तिथंच जमेल, एवढ्या रुंद जागी पडलो तरी कोणाच्या अंगावर पडणार नाही. सायकल तिलाही धड येत नव्हती, मलाही. तरी आम्ही एका टूरमध्ये नावं घातली. मग करोना आला, मग तिकडचे व्हिसा बंद, मग आजार. ती गेल्यावर पुष्कळ दिवसांनी टूरवाल्या बाईंचा फोन आला, की चीन पुन्हा सुरू झालंय, यादीत तुमची दोन नावं सगळ्यात आधी आहेत. रद्द करा म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "दोघं येऊ." फोन ठेवल्यावर मी कोण दुसरं, याचा विचार करत बसलो. माझ्या स्वभावात हे बसतंच. आधी हो म्हणायचं आणि मग माणसं शोधत फिरायचं.

रविवारी पांढरकवड्याला गेलो. मामी नाहीच म्हणतील, असं धरूनच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथं मले तुमच्यासंगं पाणी चालंल काय?"

मी म्हटलं, चीन काही माझ्या मालकीचा नाही. मामींनी त्याचा खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "मंग येतो."

खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच होतं. मामी न्हाणीत पडल्या होत्या. पांढरकवड्याचं घर आता त्यांच्यानं झेपत नव्हतं आणि नेरची धाकटी बहीण, माझ्याकडे ये म्हणून मागे लागली होती. मला वाटत होतं, मामींनी माझ्याकडे यावं. त्या एकट्या, मी एकटा. शिवाय जगात दोनच माणसं अशी होती जी तिच्याबद्दल बोलायला लागली की विषय बदलत नाहीत. पण हे विचारायचं कुठं. माझ्या घरी त्या टेकत नाहीत, त्यांच्या घरी मी जावई म्हणून पाटावर बसलेला. म्हटलं, परमुलखात विचारू. तिथं ना त्यांचं घर, ना माझं.

विमानात मामींनी आमच्या दोघांच्या मध्ये पर्स ठेवली. जावयाला खांदा लागायला नको. पदर डोक्यावर होता, तो दोन्हीकडून पिनांनी टाचलेला, आणि त्यावर चीनच्या थंडीसाठी विणलेली कानटोपी. शीआनच्या विमानतळावरच्या पोलिसानं पासपोर्टातला फोटो आणि समोरच्या मामी यांचा मेळ लावायला बराच वेळ घेतला.

पहिल्या जेवणाला ते गोल टेबल. मध्ये काचेची फिरती थाळी, तिच्यावर भात, भाज्या, टोफू. फिरवायचं आणि आपल्यापुढे आलं ते घ्यायचं. आता मामी जावयाच्या आधी घास घेणार नाहीत. मी मोठ्या माणसाआधी कसा घेऊ. मामींनी भात फिरवून माझ्यापुढे आणला. मी तो फिरवून त्यांच्यापुढे नेला. त्यांनी परत आणला. टेबलावरच्या बाकी मंडळींना वाटलं, इथं आधी असं फिरवायचंच असतं, तेही हात जोडल्यासारखे बसून राहिले. वाढणारी मुलगी येऊन हसून एक फेरी स्वतः देऊन गेली. शेवटी अकोल्याच्या एका गृहस्थांनी थाळी दोन्ही हातांनी गच्च धरली आणि म्हणाले, "जवाईबापू, घ्या न बाप्पा तुम्ही एकडाव. माझी शुगर उतरून राह्यली."

लोक इथे हसतात. हसावंच.

त्यानंतर मी भात घेतला. मग मामींनी घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या सासूला माझ्याबरोबर जेवताना पाहत होतो. लहान लहान घास, पुढच्या दातांनी चावून. अगदी तिच्यासारखे. म्हणजे तीच यांच्यासारखी, पण माझ्या डोळ्यांनी आधी तिला पाहिलेलं. मामींनी भाजी खाल्ली, थोडं थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." मी हात धुवायला म्हणून उठलो आणि बाहेर बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तट. दक्षिणेच्या दरवाजानं वर चढायचं. मामींचे गुडघे, माझा दम, दोघं मिळून पायरी पायरीला चीनच्या इतिहासाला थांबवत वर पोचलो. वर खरोखर रस्ताच होता, राखाडी विटांचा, दोन्ही बाजूंना कंगोरे, लाल कंदील, आणि सरळ लांबवर धुक्यात गेलेला. आतल्या बाजूला कौलारू घरं, बाहेर खंदक आणि त्यापलीकडे चकाकते मनोरे. मामींनी रुंदी डोळ्यांनी मोजली. "दोन ट्रक सहज जातील," म्हणाल्या. हैदराबाद रस्त्यावर राहिलेल्या बाईचं माप.

मामी बॅटरीच्या गाडीत बसणार होत्या. मी सायकल घेणार होतो, ते ठरवूनच आलो होतो. भाड्याच्या सायकलींपाशी गेलो तर एकेरी सगळ्या गेलेल्या, उरल्या त्या दोघांच्या. पुढे एक, मागे एक. तिथल्या माणसानं बोटानं विचारलं, दुसरं कोण? मी बोटानंच सांगितलं, कोणी नाही. त्यानं खांदे उडवले आणि सायकल दिली.

मी चाललो. डुगडुगत, पोट हँडलला लागतंय, समोरून येणारे बाजूला होतायत. या सायकलीचे मागचे पायडल पुढच्याबरोबर आपोआप फिरतात, हे मला माहीत नव्हतं. मी वळून पाहिलं तर माझ्या मागे रिकाम्या सीटखाली ते दोन पायडल बिनबोभाट फिरत होते. एका कॉलेजच्या घोळक्यानं माझे फोटो काढले. मीही हात हलवला. विनोदी दिसण्याचा मला सराव आहे, ती एक सोय होती. नाहीतर काय केलं असतं, कोण जाणे. मागून बॅटरीची गाडी येत होती. ती मला ओलांडून पुढे जाऊ शकली असती. गेली नाही. मामींनी खुणेनं गाडीवाल्याला हळू चालवायला लावलं होतं.

पुढे एका बुरुजापाशी सायकल टेकवून मी बाकावर बसलो. मामी उतरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. म्हटलं हीच वेळ. म्हटलं, मामी, पांढरकवड्याचं सोडा, यवतमाळला माझ्याकडे राहायला या. मागची खोली सकाळच्या उन्हाची आहे. स्वयंपाकाला बाई आहे. मी एका दमात सगळं सांगितलं, खोली भाड्यानं देणाऱ्यासारखं.

मामींनी कानटोपी खाली ओढली. "वारं लय आहे इथं," म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी टूरनं आम्हाला शहराबाहेर नेलं. प्राचीन गाव, असं कार्यक्रमात लिहिलेलं. प्रत्यक्षात सगळं नवीन बांधलेलं होतं, पण हुबेहूब जुन्यासारखं. दगडी गल्ल्या, वळलेली कौलं, पाणचक्की, कालव्यात लाल मासे. भाड्यानं जुने झगे घालून मुली फोटो काढत होत्या. टूरच्या बाईंनी सांगितलं की इथं कोणी राहत नाही, दुकानदार आणि पोशाखातली माणसं संध्याकाळी बसनं घरी जातात. बाकीच्यांना ते पटलं. मामींना पटेना. एवढी घरं बांधायची आणि राहायचं कोणी नाही, याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. त्या दिसेल त्या दारात डोकावायला लागल्या. दारामागे कुठे चहाचं दुकान, कुठे पंख्यांचं, कुठे नुसती भिंत.

एका घरात मात्र स्वयंपाकघर मांडलेलं होतं. मोठी मातीची चूल, आत लाल बल्ब लावून केलेला विस्तव. कढई, परडी, लाकडी फळीवर वाडगे. एक वाडगा कलंडलेला होता. मामींच्यानं राहवलं नाही, त्यांनी समोर आडव्या बांधलेल्या दोरीवरून हात घालून तो सरळ करायला घेतला. तो हलेना. दुसऱ्याला हात लावला, तोही हलेना. सगळी भांडी फळीला चिकटवलेली होती.

"हालतच नाही," मामी म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि थोडा जास्तच वेळ पाहत राहिल्या. माझ्या स्वयंपाकघरात ती गेल्यापासून एक डबा जागचा हललेला नाही, हे समोरच्या बिऱ्हाडातून पांढरकवड्याला पोचलेलं असणार. तिखटाचा डबा संपला की मी त्याच डब्यात तेच तिखट भरतो. स्वयंपाकाची बाई मला वेडा समजते आणि तसं समजल्याचं लपवत नाही.

तेवढ्यात बाहेर वाजंत्री वाजली. लग्नाचा देखावा होता, रोजचाच. लाल पालखी, सनईसारखं काहीतरी कर्कश, पुढे नाचणारे चार बाप्ये, पालखीत तोंडावर लाल कापड घेतलेली नवरी. एका दारात नवरीची आई झालेली नटी उभी होती. पालखी हलली तशी तिनं बाहीनं डोळे पुसायला सुरुवात केली. चांगलं करत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर गेले. मी बाजूला पाहिलं तर मामी रडत होत्या. आवाज नाही, कानटोपी तशीच, गालांवरून नुसतं पाणी.

मी त्यांना कालव्याच्या काठी बसवलं. टूरची मंडळी झगे घालून फोटो काढायला गेली होती. मामी लाल माशांकडे पाहत होत्या. मग त्यांनीच विषय काढला.

"काल तुम्ही विचारलं ते मी ऐकलं. वाऱ्याचं निमित्त होतं."

मी काहीतरी हसण्यासारखं बोललो. त्यांनी ऐकलं नाही.

"तिच्या घरी मले पाणी चालत नाही, जवाईबापू."

म्हटलं, मामी, ती आता नाही.

"घर तं तिचंच आहे न?"

मी म्हटलं, मग हे सुटणार तरी कसं. तेव्हा मामींनी जे सांगितलं ते त्या पांढरकवड्याहून ठरवून आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. म्हणूनच त्या "येतो" म्हणाल्या होत्या. तेही परमुलखातच बोलता येण्यासारखं होतं.

"तुम्ही दुसरी करा," त्या म्हणाल्या. "वय काही गेलं नाही तुमचं. दुसरी आली की घर तिचं होईल. मंग ते माह्या लेकीचं घर नाही. मी खुशाल येईन. राहीन. तिच्या हातचं खाईन, तिले म्हणीन, पोरी, चहा टाक थोडा."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी व्यवहाराचा होता. हातानं मात्र त्या पदराची पिन काढत होत्या, लावत होत्या.

मी हुशार माणूस नाही, पण त्या कालव्याच्या काठावर मला सगळं दिसलं. मामी माझ्याकडे यायला हव्या असतील तर ते घर आधी तिचं असायचं थांबायला हवं. आणि ते तिचं असायचं थांबलं तर मला मामी कशाला हव्या होत्या? जगात आता एकटी हीच बाई होती जिच्या हिशेबी ती गेली असली तरी तिचं घर गेलेलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी ते घर माझ्या नावावर करून टाकलं होतं.

म्हटलं, विचार करून सांगतो.

"सांगा," मामी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माह्यासाठी म्हणून करू नका. पण करा."

तिथून पुढे टूरमध्ये आम्ही त्यावर बोललो नाही. दोघं गोल टेबलाला जेवत होतो. आता मी लवकर पहिला घास घेत होतो, म्हणजे अकोल्याच्या गृहस्थांचा त्रास वाचायचा. मामींना तिकडचं गरम पाणी आवडलं. प्रत्येक जेवणाला त्या दोन दोन पेले प्यायच्या, माझ्यासमोर, मनसोक्त. जणू राहिलेलं सगळं भरून काढत होत्या. मी पाहत होतो आणि टूर संपू नये असं मनात म्हणत होतो. इतकी साधी मागणी मी आयुष्यात केली नव्हती.

नागपूरला उतरून आम्ही टॅक्सी केली. मामी परस्पर नेरला जाणार होत्या, बहिणीकडे. यवतमाळ वाटेतच लागतं. वर्धा मागे पडलं, मामी डुलक्या घेत होत्या, मधली पर्स तशीच मध्ये. कळंबच्या पुढे कापूस वेचून उलंगलेली शेतं लागली तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांगतो म्हणले होते."

मी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. तो फोनवर बोलत होता. म्हटलं, मामी, नाही जमणार. ते घर तिचंच राहू द्या.

मामी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांनी मोठा श्वास सोडला, तो दुःखाचा होता की सुटल्याचा, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. थोड्या वेळानं त्यांनी मधली पर्स उचलून मांडीवर घेतली. त्या जागेवर हात पालथा ठेवला, माझ्या हातापासून थोडा दूर, आणि यवतमाळ येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

"म्हातारपणी एकटे पडसान तुम्ही," एवढंच मध्ये एकदा म्हणाल्या.

म्हटलं, पडीन.

घरापाशी गाडी थांबली. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं. मी माझी बॅग काढली. मामी उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी दाराकडे, कुलुपाकडे, वाळत घातलेल्या पायपुसण्याकडे सावकाश पाहून घेतलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दारात आल्या होत्या, त्यांच्याकडे पाहून मामी ओळखीचं हसल्या.

"पोचली की फोन लावतो," मला म्हणाल्या. मग काच वर करता करता थांबल्या. "नेरला येत जा जेवायला. तिथं तुम्हाले सगळं चालते."

मी हो म्हटलं. या वेळी मागून कोणाला शोधायचं नव्हतं. गाडी वळली. मी कुलूप काढून आत गेलो, बॅग ठेवली, आणि उन्हाळा नसताना उगाच सगळ्या खिडक्या उघडल्या. तिचं घर पंधरवडाभर बंद होतं, कोंदट झालं होतं.